‘नवऱ्याबरोबर अमेरिकेला’: एफ-२ कुठला आणि एच-४ कुठला

गेल्या महिन्यात अमळनेरहून मावशीचा फोन आला. तिच्या धाकटीचं लग्न ठरलंय, मुलाला अमेरिकेत एमबीएला प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये दोघं जाणार. सगळं सांगून झाल्यावर मावशीनं आवाज जरा खाली आणून विचारलं, ‘‘तिले तठे नोकरी लागी जाई ना?’’ त्यांच्या गल्लीतल्या एका घरची सून न्यू जर्सीत आहे. ती नोकरी करते, गाडीचे हप्ते स्वतः भरते. तीही नवऱ्याबरोबरच गेली होती, तीही ‘डिपेंडंट’च. मग आपल्या पोरीचं का अडावं?

मला सांगावं लागलं की अडेल. निदान पहिली दोन वर्षं तरी अडेल. सांगताना जीवावर आलं, पण सांगितलं, कारण २०२१ च्या ऑगस्टमध्ये मीही अशीच नवऱ्याबरोबर निघाले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. धुळ्यातली फिजिओथेरपीची चालती नोकरी सोडून मी विमानात बसले होते, ती ‘तिकडे गेल्यावर बघू’ या भरवशावर.

आपल्याकडे ‘डिपेंडंट व्हिसा’ हा एकच शब्द चालतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. एमबीएला जाणाऱ्या मुलाचा व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा. त्याच्या बायकोला मिळतो तो एफ-२. कंपनीत नोकरीवर असलेल्या मुलाचा व्हिसा बहुतेक वेळा एच-१बी असतो आणि त्याच्या बायकोला मिळतो तो एच-४. न्यू जर्सीची सून एच-४ वर आहे, मावशीची लेक एफ-२ वर जाणार. शिकणारी बायको आणि सोबत जाणारा नवरा असला तरी नियम हेच. फक्त आपल्या भागात अशी जोडपी अजून थोडी आहेत, म्हणून मी बायकांच्या बाजूनं लिहितेय.

कामाचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. एफ-२ वर पगाराचं काम करता येत नाही. अर्धवेळ नाही, तासावर नाही, शेजारणीची मुलं सांभाळून पैसे घेणं नाही, डबे विकणं नाही. अर्ज करून परवानगी मिळवायची सोयच या व्हिसात ठेवलेली नाही. भारतातल्या कंपनीचं काम तिथल्या घरात बसून लॅपटॉपवर केलं तर चालतं का, हा प्रश्न प्रत्येक एफ-२ बाईला पडतो. मैत्रिणीच्या सल्ल्यावर यात पाऊल टाकू नका. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारा, नाहीतर इमिग्रेशनच्या वकिलाला. चूक झाली तर पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी ती आडवी येते.

एच-४ वरही नुसतं पोचलं म्हणून नोकरी करता येत नाही, आणि हे न्यू जर्सीच्या सुनेकडे बघून कुणाच्या लक्षात येत नाही. नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू करून त्यातला आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला, किंवा ग्रीन कार्डाची प्रक्रिया रेंगाळल्यामुळे एच-१बीची सहा वर्षांची मर्यादा ओलांडून त्याला मुदतवाढ मिळाली, तरच बायको ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड, मागू शकते. ही सोय २६ मे २०१५ ला सुरू झाली. त्याआधी शिकलेल्या, डॉक्टर-इंजिनिअर बायका एच-४ वर वर्षानुवर्षं घरात होत्या. ती सून तिथं गेली त्या दिवसापासून कमावते असं गल्ली समजते. मी तिच्याशी बोलले. कार्ड हातात यायला तिला साडेचार वर्षं लागली. तेवढ्या काळात तिनं गावी कधी तक्रार केली नाही, म्हणून गावाला ती वर्षं दिसलीच नाहीत.

शिक्षणाचा नियमही त्याच महिन्यात बदलला, २९ मे २०१५ ला. त्याआधी एफ-२ वर शिवणकाम, चित्रकला असले हौसेचे वर्गच करता येत. आता मान्यताप्राप्त कॉलेजात अर्धवेळ शिकता येतं, अगदी पदवीकडे नेणारे विषयही घेता येतात. पूर्णवेळ शिकायचं असेल तर स्वतःचा एफ-१ करून घ्यावा लागतो. एच-४ वर मात्र पूर्णवेळ शिकायला काही आडकाठी नाही. माझ्या मते या दोन व्हिसांतला सगळ्यात कामाचा फरक हाच आहे. सगळे नोकरीबद्दल विचारतात, शिक्षणाबद्दल कुणीच विचारत नाही, आणि त्यात हाताशी असलेली वर्षं निघून जातात.

स्वयंसेवेचं एक सांगते. पहिल्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ आणि नवरा रात्री अकराला घरी, असे दिवस चालले होते. जवळच म्हाताऱ्या माणसांचं एक पुनर्वसन केंद्र होतं. मला वाटलं, पैसे नकोत, पण माझं काम तरी हातात राहील. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजींना वॉकरवर चार पावलं टाकायला मी मदत केली ती ओळखीच्या भेटीच्या दिवशी, तेवढीच. मग इंटरनॅशनल ऑफिसात विचारलं. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं की ज्या कामाचे तिथं दुसऱ्यांना पैसे मिळतात, ते काम तुम्ही फुकट केलंत तरी ते नोकरीतच धरलं जाऊ शकतं. जिथं सगळेच विनामोबदला काम करतात तिथं जा. मी सार्वजनिक ग्रंथालयात जाऊ लागले. नव्यानं आलेल्या लोकांना इंग्रजी बोलायचा सराव द्यायचा, मंगळवारी आणि गुरुवारी. काम चांगलं होतं. पण त्या आजींचा माझ्या मनगटावरचा घट्ट धरलेला हात मला अजून आठवतो. सात वर्षं मी तेच काम करत आले होते.

आता हेही सांगायला हवं की एफ-२ मध्ये कायदा कडक असला तरी माणसं मिळतात. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या बिझनेस स्कूलमध्ये जोडीदारांचे क्लब असतात. शिकागोजवळ इव्हान्स्टनला केलॉग आहे, तिथं तर विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ‘जॉइंट व्हेंचर’ म्हणतात, भागीदारीतला धंदा म्हणावं तसं. आमच्याकडेही क्लब होता. चिली, जपान, नायजेरिया, कुठकुठल्या बायका आणि काही नवरेही, सगळ्यांचीच नोकरी मागं सुटलेली. प्रत्येकानं आपलं खाणं आणायचं अशी संध्याकाळ ठरली तेव्हा मी भरीत केलं. आपल्याकडे कपाशीच्या काड्यांवर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजतात. तिथं मिळालं ते काळं-जांभळं, पाणीदार वांगं आणि विजेच्या शेगडीची कॉइल. साल करपायला लागली तशी घरातली धुराची घंटा किंचाळायला लागली, मी टॉवेल हलवत खिडकीपाशी, आणि समोरच्या घरातली ब्राझीलची बाई दुसरा टॉवेल घेऊन धावत आली. ती पुढची दोन वर्षं माझी सख्खी मैत्रीण होती. मिरची, लसूण आणि शेंगदाण्यांनी ते भरीत कसंबसं तारलं, पण पातेलं रिकामं झालं.

एच-४ वर गेल्यावर हे सगळं एका झटक्यात संपलं. नवऱ्याच्या ऑफिसला बायकांचा क्लब नसतो. नवं शहर, हायवेच्या कडेची सोसायटी, शेजाऱ्याचं नाव माहीत व्हायला सहा महिने. कॉलेजच्या गावात सगळ्या घरांचं एकच वेळापत्रक असतं: ऑगस्टला सुरू, मेमध्ये संपलं, मधल्या उन्हाळ्यात दहा-बारा आठवड्यांची इंटर्नशिप. एच-४ ला असलं वेळापत्रक नाही. एफ-२ वर ‘मे २०२३’ असं डोळ्यांपुढं लिहिलेलं होतं, म्हणून कळ काढता आली. एच-४ वर तारीख कुणी देत नाही. कंपनी ग्रीन कार्डाचं काम कधी सुरू करेल, आय-१४० कधी होईल, हे नवऱ्याच्या साहेबावर आणि वकिलावर. मला विचाराल तर मनाला जास्त थकवणारी वाट एच-४ ची आहे, जरी बाहेरून ती वरची पायरी दिसत असली.

‘मे २०२३’ म्हणाले, पण तेही पुरतं खरं नव्हतं, आणि मावशीच्या लेकीनं हे नीट ऐकावं. एमबीए संपल्यावर विद्यार्थ्याला ओपीटी म्हणून १२ महिने नोकरी करता येते. अभ्यासक्रम ‘स्टेम’, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित, या प्रकारात धरलेला असेल तर आणखी २४ महिने, आणि आता बऱ्याच एमबीए अभ्यासक्रमांना तो दर्जा आहे. या सगळ्या काळात नवरा कमावत असतो, सूट घालून ऑफिसला जात असतो, पण व्हिसा एफ-१ च राहतो आणि बायको एफ-२ च राहते. एच-१बीची सोडत मार्चमध्ये असते, नाव निघालं तर ऑक्टोबरपासून व्हिसा बदलतो. आमचं पहिल्या वर्षी निघालं नाही. मी दोन वर्षांच्या हिशोबानं गेले होते, तीन वर्षं दोन महिने झाले. गावी सगळ्यांना वाटत होतं, जावई नोकरीला लागला म्हणजे आता पोरगीही लागेल.

आकड्यांचं एक साम्य मात्र फसवं आहे. अभ्यासक्रम किंवा ओपीटी संपल्यावर एफ-१ आणि एफ-२ ला आवराआवर करायला ६० दिवस मिळतात. एच-१बीवाल्याची नोकरी गेली तरी जास्तीत जास्त ६० दिवस, आणि एच-४ बायकोचेही तेवढेच. पहिले ६० दिवस कॅलेंडरवर आधीपासून दिसत असतात. दुसरे एखाद्या मंगळवारी सकाळी एका ईमेलनं सुरू होतात. बायकोच्या नावावर ईएडी असला, पगार चालू असला, तरी तो नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला असतो.

सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथल्या सरकारचा पगार-कराच्या नोंदीचा क्रमांक, दोन्हीवर मिळत नाही, एच-४ ला तो ईएडीबरोबरच येतो. त्यामुळे बँक, फोन, गाडीचं लायसन्स सगळीकडे चार कागद जास्त लागतात. अनेक राज्यांत लायसन्ससाठी ‘यांना नंबर मिळू शकत नाही’ असं सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसचं पत्र न्यावं लागतं. ते पत्र घ्यायला लाज वाटू देऊ नका. मला वाटली होती, आणि लायसन्स चार महिने लांबलं.

कागदांचं मावशीला मी वहीत लिहून घ्यायला लावलं. एफ-२ साठी कॉलेज बायकोच्या नावाचा वेगळा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा दाखला, देतं, आणि त्यासाठी तिच्या खर्चाचीही वर्षाची रक्कम दाखवावी लागते. अमळनेरात विप्रोचे जुने शेअर जपून ठेवलेली घरं आहेत, कंपनी १९४५ साली तिथंच सुरू झाली. रावेर-यावलकडे केळीच्या पट्टीचे पैसे खात्यात येतात. जे असेल ते बँकेच्या कागदावर नीट दिसलं पाहिजे, सातबारा दाखवून मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये भागत नाही. एच-४ ला हा खर्चाचा हिशोब नसतो, तिथं नवऱ्याची पगारपत्रकं आणि एच-१बीची मंजुरी बोलते. विवाह नोंदणीचा दाखला दोन्हीकडे हवाच. लग्नपत्रिका आणि अल्बम म्हणजे नोंदणी नव्हे. पासपोर्टवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं, असा घोळ आपल्याकडे घरोघरी असतो. तो खानदेश एक्स्प्रेसनं वांद्र्याला उतरण्याआधी मिटवायचा.

इतर देशांची मावशीनं चौकशी केली, कारण मुलाला इंग्लंडचंही एक कॉलेज मिळालंय. तिथं १ जानेवारी २०२४ पासून एमबीएसारख्या शिकवणीच्या अभ्यासक्रमाला जोडीदार नेताच येत नाही. संशोधनाच्या अभ्यासक्रमांना आणि सरकारी शिष्यवृत्तीवाल्यांना तेवढी सूट आहे. कॅनडात जोडीदाराला कामाचा खुला परवाना मिळतो, पण २१ जानेवारी २०२५ पासून मास्टर्सचा अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा हवा, म्हणजे एका वर्षाच्या एमबीएवाल्याच्या बायकोला तो नाही. जर्मनीत विद्यार्थ्याबरोबर राहण्याचा परवाना मिळालेल्या जोडीदाराला काम करता येतं. हे सगळं ऐकून मावशी म्हणाली, मग पोरानं कॉलेज निवडताना हे बघितलं का? मुलानं रँकिंग बघितलं होतं, स्कॉलरशिप बघितली होती. हे त्याला माहीतच नव्हतं. चांगला मुलगा आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः मला फोन केला आणि तासभर विचारत बसला.

माहेरी येण्याचंही त्याला सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी आली पाहिजे, झोका बांधला पाहिजे, हे मावशीच्या घरात ठरलेलं. एफ-२ वर ते जमतं. पहिलं वर्ष मेमध्ये संपतं, आखाजी एप्रिल-मेमध्ये येते. निघण्याआधी बायकोच्या स्वतःच्या आय-२० वर प्रवासाची सही घ्यायची, ती साधारण वर्षभर चालते, आणि पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत बघायची. अमेरिकेत राहूनच एफ-२ चा एच-४ झाला असेल तर मात्र भारतात आल्यावर नव्या शिक्क्यासाठी पुन्हा मुंबईला मुलाखत असते, आणि तारीख मिळेपर्यंत परत जाता येत नाही. त्यामुळे माझ्या दोन आखाज्या हुकल्या.

मावशीची लेक शाळेत गणित शिकवते. तिनं काल मेसेज केला: कॉलेजजवळच्या कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्राचा अर्धवेळ कोर्स आहे, एका सत्राला दोन विषय, एफ-२ वर चालेल का? मी कळवलं, कॉलेज मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघ आणि इंटरनॅशनल ऑफिसकडून ईमेलवर लेखी घे. संध्याकाळी तिनं त्यांना पाठवलेल्या ईमेलचा फोटो आला.