रिकाम्या टाकीतले सहा आठवडे

गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीतील एका कुटुंबाने बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी बसवली. दोन फूट लांबीची काच, निळसर दिवा, पांढरीशुभ्र वाळू आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश. ज्या दिवशी टाकीत पाणी भरले त्याच संध्याकाळी मासे सोडले. पाचव्या दिवशी त्यांतला एक पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवू लागला आणि सातव्या दिवशी दोन्ही मासे गेले. पाणी मात्र शेवटपर्यंत आरशासारखे नितळ होते. रडणाऱ्या नातीला जवळ घेऊन घरातल्या आजी म्हणाल्या, "घरावर काहीतरी येणार होतं बाळा, ते त्या मुक्या जिवांनी अंगावर घेतलं."

हा समज आता वास्तुशास्त्राच्या नावाखाली सर्वत्र ऐकू येतो. आठ सोनेरी आणि एक काळा मासा पाळावा, म्हणजे संकट आले तर ते माशावर निभावते, असे दुकानांतूनही सांगितले जाते. आजींच्या शब्दांमागची माया मला समजते, पण हा समज मला घातक वाटतो, कारण तो माशाच्या मृत्यूला एक समाधानकारक अर्थ देतो आणि चौकशी तिथेच थांबवतो. पुढच्या आठवड्यात त्याच टाकीत नवे मासे येतात आणि तेही मरतात. त्या दोन माशांनी अंगावर घेतला तो अमोनिया होता, आणि तो त्यांच्याच शरीरातून बाहेर पडलेला होता.

अन्नातील प्रथिने वापरल्यावर उरणाऱ्या नायट्रोजनचे काय करायचे, हा प्रत्येक प्राण्यापुढचा प्रश्न आहे. आपण ऊर्जा खर्च करून त्याचा युरिया बनवतो आणि पक्षी युरिक आम्ल बनवतात. भोवती पाणीच पाणी असलेल्या माशाला असा खर्च करण्याची गरज नसते. तो बहुतांश नायट्रोजन थेट अमोनियाच्या रूपात, मुख्यतः कल्ल्यांमधून, बाहेर सोडतो. समुद्रात हा अमोनिया क्षणात विरून जातो, पण शंभर लिटरच्या टाकीत तो साचत राहतो. त्यातही खारे पाणी अधिक कठोर असते. पाण्यातील अमोनिया दोन रूपांत असतो: एक विद्युतभारित अमोनियम, जो कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही, आणि दुसरा भाररहित अमोनिया, जो सहज शिरतो आणि विषारी ठरतो. ७ पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे याचे माप) असलेल्या गोड्या पाण्यात हा दुसरा प्रकार एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असल्यामुळे तिथे त्याचे प्रमाण दहा पटींहून अधिक वाढते. म्हणून गोड्या पाण्याची टाकी वर्षानुवर्षे सांभाळलेला माणूसही खाऱ्या पाण्यात पहिल्याच महिन्यात ठेचकाळतो.

या विषाचा बंदोबस्त करणारी यंत्रणा कशी सापडली, ती हकीकत मला फार प्रिय आहे. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्यून्त्झ या दोन रसायनशास्त्रज्ञांनी एका लांब काचनळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून गटाराचे पाणी थेंबथेंब सोडत ठेवले. पहिले सुमारे वीस दिवस खालून जसेच्या तसे अमोनियायुक्त पाणी बाहेर पडत राहिले आणि त्यानंतर त्यात नायट्रेट दिसू लागले. ही निव्वळ रासायनिक प्रक्रिया असती, तर तिने वीस दिवस वाट पाहण्याचे कारण नव्हते. त्यांनी नळीत सजीवांना निष्क्रिय करणारी क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा नायट्रेट तयार होणे थांबले. पुढे बागेतल्या मातीची धुवण टाकली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे हे काम कोणीतरी सजीव करत होते. वाळू, चुनखडी, घाण पाणी आणि वीस दिवसांची प्रतीक्षा: खाऱ्या पाण्याच्या टाकीचा सगळा आराखडा त्या नळीत होता.

ते सजीव वेगळे काढण्यास आणखी तेरा वर्षे लागली. इतर जिवाणू जिलेटिनवर वाढवता येत, हे मात्र तिथे वाढत नसत. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास झुरिक येथे त्यांना सेंद्रिय पदार्थ नसलेल्या, केवळ खनिजे असलेल्या माध्यमात वाढवून दाखवले. हे जिवाणू आयते अन्न खात नाहीत. ते अमोनियाचे ऑक्सिडीकरण करतात, त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड पकडतात आणि वनस्पतींप्रमाणे, पण सूर्यप्रकाशाशिवाय, आपले शरीर घडवतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. आपल्या शेतात शेणखतातील नायट्रोजन पिकाला मिळण्यायोग्य होतो तो याच वाटेने, आणि जुन्या काळी जनावरांच्या गोठ्याजवळच्या मातीतून सोरा काढत असत तोही याच जिवाणूंच्या कृपेने.

आता प्रश्न असा की त्यांना एवढा वेळ का लागतो. याचे उत्तर त्यांच्या कमाईत आहे. एक मोल (रेणूंची ठरावीक संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातले माप) ग्लुकोज पूर्ण जाळले की सुमारे २८७० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. एक मोल अमोनियाचे नायट्राइट केल्यावर जेमतेम २७५ किलोज्यूल हाती लागतात, आणि नायट्राइटचे नायट्रेट करणाऱ्याच्या वाट्याला तर सुमारे ७४ एवढेच येतात. एवढ्या तुटपुंज्या मिळकतीतून कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा उभी करायची, हा अत्यंत खर्चिक संसार आहे. आपल्या आतड्यातील ई. कोलाय जिवाणू अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तर या जिवाणूंना दुप्पट होण्यास चांगल्या परिस्थितीतही अर्धा ते एक दिवस लागू शकतो. शिवाय दुसरा गट पहिल्याच्या उत्पादनावर जगत असल्यामुळे पहिला स्थिरावेपर्यंत त्याला कामच नसते. नवी टाकी माशांसाठी तयार होण्यास लागणाऱ्या चार ते सहा आठवड्यांचा हिशेब इथून येतो. तो कोणी नियम म्हणून ठरवलेला नाही.

या कथेला आपल्या विषयाशी थेट जोडलेली एक अलीकडची भर आहे. शंभराहून अधिक वर्षे असे मानले जात होते की अमोनियाचे हे ऑक्सिडीकरण फक्त जिवाणू करतात. २००५ साली अमेरिकेतील सिॲटल शहराच्या मत्स्यालयातील उष्ण कटिबंधीय खाऱ्या टाकीतून संशोधकांनी एक अतिसूक्ष्म जीव वेगळा केला. त्याचे नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. तो जिवाणू नव्हताच; तो आर्किया या पूर्णपणे निराळ्या कुळातला होता. असे आर्किया महासागरांत प्रचंड संख्येने आहेत हे पुढे स्पष्ट होत गेले, आणि पृथ्वीच्या नायट्रोजन चक्रातील एका मोठ्या कामगाराची पहिली शुद्ध वाढ मत्स्यटाकीतून मिळाली, ही गोष्ट टाकी बाळगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते.

तेव्हा टाकी सुरू करायची ती माशांशिवाय. दगड आणि वाळू मांडावी, खारे पाणी भरावे, पाणी खेळवणारे पंप चालू करावेत आणि या अदृश्य कामगारांना त्यांचे खाद्य, म्हणजे अमोनिया, द्यावा. पितळी भांड्यांना कल्हई लावणारे कल्हईवाले जो नवसागर वापरत, तोच अमोनियम क्लोराइड इथे कामी येतो. फक्त तो बाजारातला कच्चा नव्हे, तर प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध असावा. शंभर लिटर पाण्यात सुमारे ०.६ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, विरघळवला की लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास अमोनिया होतो. हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात. म्हणून सच्छिद्र दगड हवा. दगडाच्या आतल्या, ऑक्सिजन न पोचणाऱ्या पोकळ्यांत आणखी एका प्रकारचे जिवाणू वसतात आणि नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून नायट्रोजन वायू मोकळा करतात.

बाटलीबंद जिवाणूंबद्दल सर्वजण विचारतात. त्यांतील काही उत्पादनांत खरोखर जिवंत जिवाणू असतात आणि प्रतीक्षा कमी होऊ शकते, पण बाटली उन्हाळ्यात कुठल्या गोदामात पडून होती हे आपल्याला माहीत नसते. "आज ओता, आजच मासे सोडा" या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याऐवजी चाचणी करावी. काचेच्या लहान नळीत टाकीचे पाच मिलिलिटर पाणी घ्यावे, चाचणीसंचातील थेंब मोजून टाकावेत, सांगितलेला वेळ थांबावे आणि नळी पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात धरावी. अमोनियाच्या नेहमीच्या संचात पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही आणि पोपटी ते गडद हिरवा म्हणजे आहे. आधी हिरवा रंग दिवसेंदिवस फिका होत जातो, त्याच सुमारास नायट्राइट चढते आणि मग तेही उतरते. नवसागराची नवी मात्रा टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तर टाकी तयार झाली असे समजावे. वाळूवर मधल्या काळात तपकिरी थर येतो, तो डायॲटम शैवालांचा असतो. त्याने घाबरू नये आणि घासूनपुसून सगळे धुवून तर मुळीच काढू नये.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगतो. गिरगाव चौपाटीवरून किंवा अलिबागहून कॅन भरून पाणी आणू नये; त्यात गाळ आणि सांडपाणी असते, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही घसरतो. स्वयंपाकघरातले मीठही चालत नाही, कारण समुद्रातील क्षारांपैकी सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्केच असतात आणि उरलेल्या मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम व पोटॅशियमवाचून प्रवाळ जगत नाही. मत्स्यटाकीसाठी बनवलेले समुद्री मीठ आरओ आणि डीआय (उरलेसुरले क्षार काढून टाकणाऱ्या) गाळणीतून काढलेल्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर, विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेतली घनता) १.०२५ च्या आसपास आणावे. घरच्या पिण्याच्या आरओ यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते, म्हणून ते तसेच वापरू नये.

महाराष्ट्रात खरी अडचण उष्णतेची आहे, कारण टाकी २५ ते २६ अंशांवर ठेवायची असते. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा स्वस्त आणि परिणामकारक असतो, कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते तेवढ्याने शंभर लिटर पाणी, बाहेरून उष्णता मिळाली नाही तर, जवळजवळ सहा अंशांनी थंड होईल. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान चालतो. मुंबईच्या दमट हवेत तो अपुरा पडतो आणि चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घ्यावा लागतो. मात्र वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागे राहते. शंभर लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर उडाले आणि आठवडाभर भर घातली नाही, तर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅमचा खारेपणा साडेसदतीसच्या वर जातो. म्हणून कमी झालेले पाणी नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने भरावे. खाऱ्या पाण्याने नव्हे.

प्रवाळांबाबत कायदा आधी समजून घ्यावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण, म्हणजे चुन्याचा सांगाडा बांधणारे, प्रवाळ समाविष्ट झाले. वाघ ज्या अनुसूचीत आहे त्याच अनुसूचीत. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा लक्षद्वीपहून जिवंत अथवा मेलेल्या प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणे हा गुन्हा आहे. म्हणून दगड कृत्रिम किंवा सिरॅमिकचे घ्यावेत आणि पहिले वर्ष कठीण प्रवाळांचा विचारच करू नये. मशरूम प्रवाळ किंवा झोएंथस यांसारखे सांगाडा नसलेले, टाकीत वाढवलेले जीव कागदपत्रे पाहूनच घ्यावेत. मासेही टाकीत पैदास झालेले निवडावेत. क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याच देशात विकसित केलेले आहे, त्यामुळे खडकातून पकडून आणलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही.

त्या कुटुंबाने पुन्हा सुरुवात केली, तेव्हा नातीने भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजचे आकडे लिहून ठेवले होते. एकेचाळिसाव्या दिवशी दोन्ही नळ्यांत शून्य आले आणि त्यांनी एकच मासा सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आजींना खिडकीपाशी बोलावून नळी उजेडात धरून दाखवली, आणि पाणी पिवळेच होते.