द्विदल झडपेचे फुग्याने विस्फारण

हृदयाचे डावे अलिंद (वरचा कप्पा) आणि डावा निलय (खालचा कप्पा) यांमधील आखडलेली द्विदल किंवा मिट्रल झडप नळीवरचा फुगा फुगवून रुंद करण्याची पद्धत. विदर्भात बोलताना 'वॉलचा बलून' म्हणतात. झडप आखडण्याचे मुख्य कारण संधिवात ज्वर (रूमॅटिक फीव्हर). निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौ. सेंमी. असते, ते दीड चौ. सेंमी. किंवा त्याहून कमी झाले की विकार तीव्र मानतात.

पद्धतीचे जनकत्व वादाचे आहे. हृदय न उघडता आत बोट घालून झडप मोकळी करण्याचा इंग्लिश शल्यविशारद सौटर यांचा प्रयोग १९२५ चा. फुग्याची कल्पना त्याच वाटेवरची. जपानचे कांजी इनोवे यांनी १९८२ च्या सुमारास पहिला रुग्ण केला, पण वृत्तांत १९८४ मध्ये छापला. १९८५ मध्ये अमेरिकेचे लॉक आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी साध्या फुग्याने केलेल्या रुग्णांचा स्वतंत्र वृत्तांत दिला. अग्रक्रम इनोवे यांनाच देणे अधिक सयुक्तिक. आजही त्यांच्याच रचनेचा फुगा सर्वाधिक वापरात आहे. लॅटेक्सच्या थरांमध्ये नायलॉनची जाळी असल्याने तो आधी टोकाला, मग मागे आणि शेवटी मधल्या अरुंद भागात (कमरेत) फुगतो, म्हणून झडपेत घट्ट बसतो, निसटत नाही.

जांघेतील शिरेतून नळी उजव्या अलिंदात नेऊन दोन अलिंदांमधील पडदा सुईने भेदतात. सुई डाव्या बाजूस पोचल्याची खात्री पटल्यावरच हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध देतात. फुग्याचा व्यास उंचीवरून ठरतो: सेंटीमीटरमधील उंची पुढच्या दहाच्या पटीत न्यावी, दहाने भागावी, त्यात दहा मिळवावे. १४८ सेंमी. उंचीस २५ मिमी. येतात. सुरुवात त्याहून २–४ मिमी. कमी व्यासाने करून एकेक मिमी. वाढवतात आणि दर वेळी इकोवर (ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीत) झडपेतून रक्त मागे गळते का ते पाहतात. फुगा काही सेकंदच फुगलेला ठेवतात.

फुगा झडपेच्या दलांचे (पाकळ्यांचे) चिकटलेले सांधे उकलतो. दले जाड किंवा चुनखडलेली असतील तर सांध्याऐवजी दलच फाटते आणि तीव्र गळतीमुळे तातडीने झडप बदलावी लागते. सुई भलतीकडे गेल्यास हृदयावरणात रक्त साचते. अलिंदात गुठळी असल्यास ती मेंदूत जाण्याचा धोका. म्हणून आधी अन्ननलिकेतून इको करतात, आणि गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारे औषध काही महिने देऊन पुन्हा तपासतात. या काळात आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते दाखवणारा आकडा) वारंवार मोजावा लागतो. प्रयोगशाळेसाठी तालुक्याला खेटे घालावे लागणाऱ्या गावांत नेमके हेच राहून जाते.

कापूस वेचताना किंवा धान रोवताना लागणारा दम पुष्कळदा रक्तक्षयावर ढकलला जातो. खऱ्या विकाराचे निदान पुष्कळदा गरोदरपणी, रक्ताचे आकारमान वाढल्यावर होते. तेव्हाही औषधांनी दम आटोक्यात न आल्यास, पोटाला शिशाचे आवरण देऊन, शक्यतो पहिली तिमाही टाळून हा उपचार करता येतो. गडचिरोली, चंद्रपूर भागात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आढळत असल्याने त्याची चाचणी आधी करावी. असा रुग्ण उपाशी, तहानलेला किंवा थंडीत ठेवू नये.

झडप पुन्हा आखडू शकते. ज्वर उलटू नये म्हणून बेंझाथीन पेनिसिलीनची १२ लाख युनिटची सुई दर २१ दिवसांनी, बलून झाल्यानंतरही चालू ठेवतात.