कुकर आधी हाडांसाठी जन्मला

घरी मटणाचे पाय आणले की आपण दुसरा विचार न करता कुकर काढतो. या भांड्याचं मूळ काम नेमकं हेच होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. डाळ, भात, बटाटे नंतर आले. आधी आली ती हाडं.

दनी पापँ हा फ्रान्समधल्या ब्लुआ गावचा, जन्म 1647 चा. शिकला वैद्यकी, रमला यंत्रांत. पॅरिसमध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगन्सच्या हाताखाली काम करून तो लंडनला गेला आणि रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलकडे लागला. 1679 मध्ये त्याने रॉयल सोसायटी या लंडनमधल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेपुढे धातूचं एक जाडजूड भांडं मांडलं. त्याचं झाकण स्क्रूने आवळून बंद करायचं. दोन वर्षांनी त्याने या भांड्यावर पुस्तक काढलं आणि ते हाडं मऊ करण्याचं यंत्र असल्याचं पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं. वाफ कोंडली की पाणी शंभर अंशांच्या वर तापतं आणि एरवी दिवस दिवस उकळून सुटणारा हाडांतला चिकट अंश लवकर सुटतो, एवढीच कल्पना. भांडं फुटू नये म्हणून त्याने वजन लावलेली झडप बसवली. आपल्या कुकरची शिट्टी हा तिचाच वंश. आत किती तापलंय हे कळायला झाकणावर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तो किती वेळात आटतो ते लंबकावर मोजायचं. ही युक्ती मला त्या झडपेइतकीच मोलाची वाटते.

12 एप्रिल 1682 रोजी रॉयल सोसायटीच्या काही सभासदांना या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. त्यांच्यातल्या जॉन एव्हलिन या इंग्रज लेखकाने ते दैनंदिनीत टिपून ठेवलंय. गोमांसाची आणि मेंढीची कठीणातली कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली होती, आणि कोळसा लागला आठ औंसांपेक्षाही कमी. शेवटी आली बैलाच्या हाडांची जेली, स्वच्छ आणि चवदार. एव्हलिनला ती इतकी आवडली की त्याने एक पेला बायकोला घरी पाठवला. त्या काळी श्रीमंतांघरच्या बायका हरणाच्या शिंगांचा कीस उकळून आजाऱ्यांसाठी जेली करत. तिला ही नवी जेली मागे टाकते, असं त्याचं मत पडलं. खाटकाकडची टाकाऊ हाडं महागड्या पथ्याच्या पदार्थाच्या बरोबरीला बसली, हे त्या जेवणाचं खरं महत्त्व. स्वतः पापँ मात्र पुढे हालाखीत गेला.

इथून पुढे हाडांच्या रश्श्यावर एक मोठी आशा लादली गेली: गरिबांचं पोट यातून भरेल. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कादे द वो यांनी हाडांच्या रश्श्याचा जोरदार प्रचार केला. मग रसायनशास्त्रज्ञ दार्से पुढे आले. हाडांतली खनिजं हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून जिलेटिन, म्हणजे तोच चिकट अंश, वेगळं काढायचं, आणि पुढे वाफेच्या दाबाखाली ते मोठ्या प्रमाणावर उतरवायचं, ही त्यांची पद्धत. पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात 1829 मध्ये अशी यंत्रणा बसली. ज्यांच्यापुढे हा रस्सा रोज येई त्यांचा अनुभव वेगळा होता. ओतेल-द्यू रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तक्रार केली की तो नेहमीच्या मांसाच्या रश्श्यापेक्षा बेचव आहे, लवकर नासतो आणि पचायलाही जड जातो.

वाद फ्रेंच विज्ञान अकादमीकडे गेला. शरीरशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजांदी यांच्या पुढाकाराने समिती नेमली गेली आणि तिने तब्बल दहा वर्षं कुत्र्यांवर प्रयोग केले. 1841 च्या अहवालात निष्कर्ष आला: नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही. चकित करणारी गोष्ट अशी की कच्ची हाडं खाणारे कुत्रे नीट राहिले, त्याच हाडांतून काढलेलं जिलेटिन खाणारे खंगले. कुत्र्यांचे फार हाल झाले त्या प्रयोगांत. पण रुग्णालयातल्या मुक्या गरिबांच्या ताटाची बाजू कुणीतरी इतक्या चिकाटीने तपासली, म्हणून मला हा अहवाल या साऱ्या इतिहासातला सर्वांत मानाचा कागद वाटतो.

कारण कळायला पुढचं शतक उजाडावं लागलं. 1901 मध्ये इंग्लंडमध्ये हॉपकिन्स आणि कोल यांनी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्यांतला एक घटक, वेगळं काढलं. ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, अन्नातूनच मिळावं लागतं, आणि जिलेटिनमध्ये ते नसतंच. म्हणजे पायाच्या सूपात प्रथिन आहे, पण अपुरं. सोबत भाकरी, भात, डाळ किंवा अंडं असेल तर ही उणीव सहज भरून निघते. 

हा चिकट अंश मुळात काय, याचं उत्तर आपल्याकडे मद्रासमध्ये सापडलं. गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी तिथल्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची मदत घेत क्ष-किरणांनी कोलॅजेन हे हाडांतलं, कातडीतलं आणि कंडरांतलं प्रथिन तपासलं आणि 1954-55 मध्ये दाखवून दिलं की तीन साखळ्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल, कारण आतल्या अरुंद जागेत दुसरं काही मावतच नाही. उष्णतेने हा पीळ सुटला की त्याचं जिलेटिन होतं. गार झाल्यावर साखळ्या पुन्हा जागोजागी अर्धवट गुंफल्या जातात, मध्ये पाणी अडकतं आणि रस्सा थरथरायला लागतो.

आपल्याकडची परंपरा याहून जुनी आणि माझ्या मते जास्त शहाणी. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाच्या रोग्याला भात, मांसरस, दूध, तूप आणि वाटाण्याचं कढण द्यायला सांगितलंय. मांसरस आहे, पण एकटा नाही. त्याच ठिकाणी आंबट, खारट आणि कोरडं अन्न वर्ज्य केलंय. कोल्हापुराकडे मटण शिजवलेलं अळणी पाणी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना आधी काढून ठेवतात, उरलेल्यावर पांढरा रस्सा होतो. मांसाहारी घरांत हाड मोडलेल्याला आणि बाळंतिणीला पायाचं सूप आजही आवर्जून देतात.

त्यातून भरपूर कॅल्शियम मिळतं, ही समजूत मात्र टिकत नाही. 1934 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या मॅककॅन्स, शेल्डन आणि विडोसन यांनी बाळांना दिले जाणारे हाडांचे रस्से तपासले. कॅल्शियम दुधापेक्षा बरंच कमी निघालं. तरी 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या एका खिडकीतून हा रस्सा कपाने विकला जाऊ लागला आणि जुने सगळे दावे नव्या वेष्टनात परत आले.

चवीचा आणि दाटपणाचा दावा मात्र शंभर टक्के खरा, आणि घरी तो पुरा करता येतो. आपल्याकडे 1959 पासून हॉकिन्स आणि प्रेस्टिजचे कुकर घराघरांत गेले, तेव्हा पापँचं भांडं खऱ्या अर्थाने सामान्यांचं झालं. मटणवाल्याकडे नळ्या मागू नका. नळीत चरबीच जास्त. चिकटपणा पायांत, सांध्यांत, कातडीत आणि कंडरांत असतो, म्हणून भाजून केस काढलेले पाय कातडीसकट घ्या. एक उकळी आणून पहिलं पाणी फेका, पाय धुवा, मग बुडतील इतपतच पाणी घाला. दाब आल्यावर मंद आचेवर पाऊण ते एक तास ठेवा. शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम पडला की आत खळखळून उकळी फुटते, चरबी पाण्यात घुसळली जाते आणि रस्सा गढूळ होतो. कुकर आपोआप गार होऊ द्या. चोवीस तास उकळण्याच्या सल्ल्यालाही भुलू नका: उष्णता लांबली की जिलेटिनच्या साखळ्याच तुटत जातात आणि गोठण्याची ताकद उलट कमी होते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही रस्सा पातळच राहिला, तर बहुतेक वेळा पाणी जास्त झालेलं असतं. पाय काढून तो उघड्या पातेल्यात आटवला की काम होतं.