एकाच सालातले दोन पिनोकिओ: हातात धरता येतो तो कोणता?

पिनोकिओ बघितला का असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, कोणता? कारण जिवंत होऊन खरा मुलगा व्हायला निघालेल्या या लाकडी बाहुल्याच्या नावाचे २०२२ या एकाच सालात दोन मोठे सिनेमे आले, दोन्ही ओटीटीवर, दोन्हीत त्याला बनवणारा म्हातारा जेपेत्तो, दोन्हीत बोलणारा रातकिडा, दोन्हीत खोटं बोललं की नाक वाढतं, आणि मोबाइलवर पोस्टर दिसतं अंगठ्याएवढं, त्यात काय कळणार कप्पाळ. आमच्या अमळनेरला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात तेव्हा सोबत पोरांची फौज असते, दुपारी बाहेर असं ऊन की कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, मग झोका सोडून सगळी गँग टीव्हीसमोर. एकदा धाकट्या बहिणीने नुसतं पिनोकिओ सर्च केलं, पहिला आला तो लावून दिला आणि चहा टाकायला गेली. दहाएक मिनिटं झाली असतील, चर्चवर बॉम्ब पडून जेपेत्तोचा पोरगाच मेला, तिची सहा वर्षांची पोर भोकाड पसरून रडायला लागली आणि आत्या ओसरीतून ओरडली, "काय लाई दिनं व माय पोरेस्ले!" बहिणीला हवा होता तो दुसराच.

तर आधी पटकन ओळख. डिस्नीचा आला ८ सप्टेंबर २०२२ ला, सरळ डिस्नी प्लसवर. डायरेक्टर रॉबर्ट झेमेकिस, म्हणजे फॉरेस्ट गम्प आणि कास्ट अवेवाला, आणि जेपेत्तो झालाय त्याच दोन सिनेमांतला टॉम हँक्स. हा लाइव्ह ॲक्शन, म्हणजे कॅमेऱ्यासमोर खरी माणसं. नेटफ्लिक्सवर आला तो ९ डिसेंबरला, मेक्सिकोचा गिएर्मो देल तोरो आणि त्याच्या जोडीला मार्क गुस्टाफसन असे दोघं डायरेक्टर, हा स्टॉप मोशन, म्हणजे बाहुले थोडे थोडे हलवून फोटो काढत केलेला, ॲनिमेशनच्या खात्यातला. मार्च २०२३ मध्ये ॲनिमेटेड सिनेमाचं ऑस्कर या दुसऱ्याला मिळालं, आणि पहिल्याला मिळालं रॅझी, म्हणजे वाईट सिनेमांना चिडवायला देतात ते, तेही वाईट रिमेक म्हणून. पण बक्षिसांवरून ठरवू नका, जरा थांबा.

लोकांचा घोळ होतो तो असा, की लाइव्ह ॲक्शन म्हटलं की खरं आणि ॲनिमेशन म्हटलं की खोटं, कार्टून, कॉम्प्युटरमधलं. या दोन सिनेमांत बरोब्बर उलटं आहे. डिस्नीवाल्यात टॉम हँक्स खरा, निळी परी झालेली सिंथिया एरिव्हो खरी, पोरांना गाडीत भरून नेणारा कोचमन म्हणजे ल्यूक इव्हान्स खरा. पण ज्याच्या नावाचा सिनेमा आहे तो पिनोकिओ? तो कॉम्प्युटरमध्ये बनवलेला. रातकिडा पण तसाच, कोल्हा तसाच, घरातलं मांजर फिगारो आणि काचेच्या भांड्यातली मासोळी क्लिओ, तीही तशीच. म्हणजे टॉम हँक्स ज्याला लाडाने बघतो, ज्याच्याशी एवढं भरभरून बोलतो, तो बाहुला नंतर चित्रात घातलाय, आणि माणूस कितीही मोठा ॲक्टर असला तरी ते कुठेतरी जाणवतंच, निदान मला तरी जाणवलं, त्याची नजर बाहुल्यावर नीट टेकतच नाही असं वाटत राहतं.

आणि देल तोरोवाल्यात एकही माणूस दिसत नाही, सगळे बाहुले, पण ते बाहुले खरोखर आहेत. टेबलावर उभे राहतात. आत धातूचा सांगाडा, त्याला सांधे, वरून सिलिकॉनची कातडी, कित्येकांच्या डोक्यात घड्याळासारखी बारीक चक्रं, ती फिरवली की गाल हलतो, भुवई वर जाते. मुख्य बाहुले इंग्लंडच्या मॅकिनन अँड साँडर्स नावाच्या वर्कशॉपने केले, तिथले लोक पिढीजात कारागिरासारखं हेच काम करत आलेत. पिनोकिओ मात्र वेगळ्या पद्धतीचा, त्याचा चेहरा लाकडासारखा कडक दिसायला हवा म्हणून थ्रीडी प्रिंटिंग करून वेगवेगळ्या हावभावांचे चेहरे काढले आणि एक काढून दुसरा बसवत गेले. हो, म्हणजे तोही लाकडाचा नाहीच! पण हातात धरता येतो, त्याच्यावर खऱ्या दिव्याचा उजेड पडतो, भिंतीवर खरी सावली पडते. बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत केसभर हलवायचा, परत फोटो, आणि पडद्यावर एका सेकंदाला २४ फ्रेम्स जातात, आता करा हिशोब. एकाच वेळी अनेक सेट चालू ठेवूनसुद्धा शूटिंगला १००० च्या वर दिवस लागले, बरंचसं अमेरिकेत पोर्टलंडला आणि काही भाग देल तोरोच्या गावी, मेक्सिकोत ग्वादालाहाराला. कॉम्प्युटरची मदत त्यांनीही घेतली, ते सोवळे वगैरे नाहीत, पण मूळ ॲक्टिंग बाहुल्यांचीच.

दिसण्यावरून ओळखायचं तर सगळ्यात सोपं. डिस्नीचा पिनोकिओ गोल गुबगुबीत, डोक्यावर टोपी, हातात पांढरे ग्लोव्ह्ज, लाल चड्डी, डिट्टो १९४० च्या त्यांच्याच कार्टूनसारखा. देल तोरोचा उघडा, काटकुळा, पाठीतून खिळे बाहेर आलेले, एक कान आहे आणि दुसरा करायचाच राहून गेलाय. कारण त्याच्या कथेत जेपेत्तोचा पोरगा कार्लो पहिल्या महायुद्धात बॉम्ब पडून जातो, त्याच्या थडग्याजवळ वाढलेलं पाइनचं झाड म्हातारा एका रात्री दारूच्या नशेत रडत रडत तोडतो आणि तशाच अवस्थेत बाहुला ठोकतो, मग फिनिशिंग कुठून येणार. सकाळी तो बाहुला उठून चालायला लागतो तेव्हा म्हातारा खुश होत नाही, घाबरतो. मला हा सीन फार पटला, आपल्या माणसाच्या जागी दुसरं कोणी येऊन बसलं तर लगेच कोण कवटाळतं?

डिस्नीवाल्यातही मेलेल्या पोराचा धागा आहे, फोटोपुरता आणि एका गाण्यापुरता. तिथे जेपेत्तोचं दुकान कुकू घड्याळांनी भरलेलं आणि त्या घड्याळांतून डिस्नीच्याच जुन्या सिनेमांतली पात्रं डोकावतात, म्हणजे दुःख चाललंय आणि मागे कंपनीची जाहिरात. असो.

आता मूळ गोष्टीला कोण जवळ, हे विचाराल तर इथे पण घोळ आहे. बहुतेकांना डिस्नीचा ओळखीचा वाटतो म्हणून तो अस्सल वाटतो, पण तो ओळखीचा आहे १९४० च्या कार्टूनमुळे, पुस्तकामुळे नाही. पुस्तक इटलीच्या कार्लो कोल्लोदीचं, १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः यायचं आणि १८८३ ला पुस्तक निघालं. त्यात पिनोकिओ असा द्वाड की उपदेश करणाऱ्या रातकिड्याला चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारतो, रातकिडा भिंतीलाच चिकटतो. शेगडीजवळ झोपून स्वतःचे लाकडी पाय जाळून घेतो. आणि पंधराव्या प्रकरणात मारेकरी त्याला झाडाला फासावर लटकवतात, कोल्लोदीने गोष्ट तिथेच संपवली होती, मग वाचकांनी मागणी केली म्हणून पुढे चालू झाली. गाणारा, हॅट घातलेला, पोराचा सद्सद्विवेक झालेला रातकिडा ही डिस्नीची कमाई, आणि गोष्टीतला व्हेल पण त्यांचाच, पुस्तकात तो अवाढव्य शार्क आहे.

देल तोरोने काळ बदलला, हुकूमशहा मुसोलिनीची इटली घेतली, पुस्तकात यातलं काहीच नाही, तरी पुस्तकाचा कडकपणा त्याच्याकडेच जास्त आलाय. त्याचा रातकिडा सारखा चिरडला जातो, पिनोकिओ सारखा मरतो आणि परत येतो, आणि मेल्यानंतरच्या लोकात त्याची शवपेटी वाहणारे काळे ससे आहेत ते थेट कोल्लोदीच्या पानांतले, फक्त इथे ते फावल्या वेळात पत्ते कुटत बसतात.

दोघांतला फरक एकाच जागी बघायचा असेल तर पोरांना बिघडवायच्या बेटाचा भाग बघा. जुन्या कार्टूनमध्ये पोरं तिथे बिअर पितात, सिगार ओढतात आणि गाढवं होतात. २०२२ च्या डिस्नीत बिअरची रूट बिअर झाली, म्हणजे कोल्ड्रिंकच, सिगार गायब, आता कोल्ड्रिंक पिऊन गाढव होत असतील तर आमच्या लग्नातली निम्मी पंगत गाढव झाली असती. देल तोरोने ते बेटच काढून टाकलं आणि त्याजागी ठेवला फॅसिस्टांचा पोरांना सैनिक बनवायचा कॅम्प. तिथे मस्ती केली म्हणून शिक्षा नाही, उलट सांगितलं तसं निमूट वागणाऱ्या पोराचा जीव जायची वेळ येते. आणि त्याआधी पिनोकिओ खुद्द मुसोलिनीसमोर त्याचीच टिंगल करणारं गाणं म्हणतो, त्यावर आमची पोरं सगळ्यात जास्त हसली, मुसोलिनी कोण हे माहीत नसताना.

नाकाच्या बाबतीत मात्र दोघं नकळत एकाच गल्लीत आलेत. डिस्नीत पिनोकिओ पिंजऱ्यात अडकतो तेव्हा मुद्दाम खोटं बोलून नाक वाढवतो आणि किल्लीपर्यंत पोचतो. देल तोरोत समुद्री राक्षसाच्या पोटात असताना जेपेत्तोच त्याला सांगतो, बोल खोटं, आणि त्या वाढत्या नाकाच्या फांदीवरून सगळे वर चढून बाहेर पडतात. खोटं बोलू नये हे शिकवायला जी गोष्ट सांगतात तिच्यात दोघांनीही खोट्याचा उपयोग करून घेतला. पण डिस्नीत ती युक्ती म्हणून येते आणि जाते, देल तोरोत आधी पोराला सारखं रागावणारा बाप स्वतः म्हणतो, त्यामुळे तिथे वजन पडतं.

शेवट फोडत नाही, एवढंच सांगते की डिस्नीने तो खरा मुलगा झाला की नाही हे मोघम ठेवलंय आणि देल तोरोने त्या प्रश्नालाच फारसं महत्त्व दिलेलं नाही.

कोणी म्हणेल की मग ज्यात माणसंही खरी आणि बाहुलाही खरा असा नाही का? आहे की, २०१९ चा इटालियन, मात्तेओ गार्रोनेचा. त्यात फेदेरिको इयेलापी नावाच्या लहान मुलाच्या चेहऱ्यावर रोज तासनतास मेकअप करून लाकडाचे रेषे उमटवले, आपल्याकडे भोवाड्याच्या नाचात मुखवट्याआड गावातलाच माणूस असतो तसं, आतला जीव खरा. त्याला मेकअप आणि कॉस्च्यूमची ऑस्कर नॉमिनेशन्स मिळाली. त्यात जेपेत्तो झालाय रोबेर्तो बेनिन्यी, आणि याच बेनिन्यीने २००२ मध्ये पन्नाशीला टेकलेला असताना स्वतः पिनोकिओचा रोल केला होता. तो मात्र बघू नका, दाढीची निळसर झाक दिसणारा लाकडी पोऱ्या बघवत नाही.

घरात कोणाला कोणता लावायचा म्हणाल तर पाच-सात वर्षांच्या पोरांना डिस्नीचा चालेल, पावणेदोन तास आहे, रंगीत आहे, कोणी दचकून उठणार नाही, आणि मोठ्यांची मधे डुलकी लागली तरी काही बुडत नाही. देल तोरोचा जवळजवळ दोन तास, दहाच्या पुढच्या पोरांना, आणि शेजारी बसून बघायचा, कारण मरणाबद्दल प्रश्न येतात आणि ते चांगले येतात. आमच्या आत्याने तो नंतर पूर्ण बघितला बरं का, मध्ये एकदा "हाऊ लाकूडना पोऱ्या शे का?" एवढंच विचारलं आणि मग शेवटपर्यंत हलली नाही. आणि सर्च करताना टॉम हँक्स किंवा देल तोरो असं नाव टाकूनच करा, कारण त्याच २०२२ मध्ये पिनोकिओ: अ ट्रू स्टोरी नावाचा एक रशियन ॲनिमेशनपटही इंग्रजी डब होऊन आलाय आणि त्याचं या दोघांशी काही देणंघेणं नाही.