क्विल्टिंग बी: चौकटीभोवतीच्या बैठकीपासून टपालातल्या ब्लॉकपर्यंत

क्विल्ट म्हणजे तीन थर शिवून केलेले पांघरूण आणि बी म्हणजे ते मिळून करणाऱ्यांचा गट किंवा त्यांची बैठक. आजच्या क्विल्टिंग बीची रीत साधारण अशी. दहा-बारा जणींचा गट असतो आणि प्रत्येकीच्या वाट्याला वर्षातला एक महिना येतो. जिची पाळी असेल ती नमुना, रंग आणि माप ठरवते. बाकीच्या आपापल्या घरी, आपल्याकडच्या कात्रणांतून तो ब्लॉक, म्हणजे तुकड्यांचा एक चौकोन, जोडतात आणि टपालाने तिच्याकडे धाडतात. माप बहुतेक वेळा साडेबारा इंचांचे असते. चारी बाजूंची शिलाई आत गेली की बारा इंच उरतात. नमुना अवघड असला की चुरस वाढते. सगळे ब्लॉक जोडून वरचा थर तयार झाला की मधला कापूस आणि खालचे अस्तर घालून तिन्ही थर शिवायचे काम मात्र ती एकटीच करते, नाहीतर लाँगआर्म, म्हणजे थर शिवायची मोठी मशीन असलेल्या व्यावसायिकाकडून पैसे देऊन करून घेते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत हे बरोबर उलटे होते. तुकडे जोडणे हे सहसा एकटीचे काम. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी, घरातले आवरून झाले की मांडीवर घेऊन करायचे. बी भरायची ती थर शिवण्यासाठी. लाकडी दांड्यांच्या चौकटीवर तिन्ही थर ताणून बसवले की खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे. त्यामुळे काम एका दिवसात उरकलेले बरे असायचे आणि त्याला हात लागायचे पुष्कळ. शेजारणी चौकटीभोवती बसत, हात पोचेल तिथवर धावदोरा घालत, मग शिवलेला भाग दांड्यावर गुंडाळून पुढचा उघडत. संध्याकाळी पुरुषमंडळी जेवायला येत. कुठे कुठे नाचही होई. एकत्र येण्याचे कारण हौस नव्हते, चौकट होती.

तुकड्यांच्या क्विल्टचा जन्म गरिबीतून झाला, हा समज अमेरिकेतही घट्ट आहे. वसाहतीच्या काळातल्या काटकसरी बाईने चिंधी-चिंधी वाचवून पांघरूण केले, अशी ती गोष्ट. पण त्या काळात कापडच इतके महाग होते की कात्रणांचे ढीग साठायला वावच नव्हता. अठराव्या शतकातल्या ज्या क्विल्ट टिकल्या आहेत, त्या बहुतेक सुखवस्तू घरांतल्या. काही अखंड कापडाच्या, तर काहींच्या मध्यभागी आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छिटातली फुले-पाने कापून लावलेली. हे हिंदी छापील कापड इंग्लंडमध्ये इतके खपत होते की तिथल्या विणकरांनी ओरड केली आणि 1721 च्या कायद्याने ते वापरण्यावरच बंदी आली. ती उठायला 1774 साल उजाडले.

कात्रणे आली ती कापड स्वस्त झाल्यावर. 1793 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी सॅम्युएल स्लेटरची सूतगिरणी उभी राहिली. त्याच वर्षी एली व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले. 1820 च्या दशकात मॅसॅच्युसेट्समध्ये लॉवेलच्या गिरण्या सुरू झाल्या आणि पुढच्या वीसेक वर्षांत छापील सुती कापड सामान्य घरात आले. त्या स्वस्ताईच्या मुळाशी दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस होता, हे क्विल्टच्या गोड इतिहासांत फार कमी वेळा लिहिले जाते. आपल्या गोधडीशी तुलना करायची तर फरक इथे आहे. गोधडीत जुनी लुगडी, धोतरे जातात, अंगावर झिजलेले कापड जाते. अमेरिकन क्विल्टमध्ये मात्र बरेचदा नवे कोरे कापड असते, कपडे बेतताना उरलेले.

याच सुमारास ब्लॉक रुळला. पूर्ण पांघरूण एकदम करण्याऐवजी मांडीवर मावेल असा चौकोन करायचा आणि असे पुरेसे साठले की एकमेकांना जोडायचे. आणि ब्लॉक छोटा म्हणून तो दुसरीलाही देता येऊ लागला. 1840 च्या दशकात आल्बम क्विल्टची लाट आली. प्रत्येक मैत्रिणीने एकेक ब्लॉक करायचा आणि त्यावर शाईने आपले नाव घालायचे. त्यासाठी एक खास नमुना होता: मध्ये पांढऱ्या कापडाची फुली, सहीपुरती जागा सोडलेली. कापड न जाळणारी पक्की शाई तेव्हाच मिळू लागली होती, हेही निमित्त झाले. कुटुंबे पश्चिमेकडे निघत होती, परत भेट होईलच याची खात्री नव्हती. बाल्टिमोरमध्ये याच काळात झालेल्या आल्बम क्विल्ट तर फुलांच्या परड्या, पक्षी, इमारती यांनी भरलेल्या आहेत. आजची टपालाची बी चौकटीच्या बैठकीपेक्षा या सहीवाल्या ब्लॉकची वारसदार जास्त आहे, असे मला वाटते.

अवघड ब्लॉकची गोष्ट निघाली की जेन स्टिकलचे नाव येतेच. व्हर्मांटमधल्या शाफ्ट्सबरीची ही बाई. तिच्या क्विल्टमध्ये तेरा गुणिले तेरा, म्हणजे 169 चौकोन आहेत, प्रत्येक साधारण साडेचार इंचांचा, प्रत्येकाचा नमुना वेगळा. काठाने तुकडे जोडून केलेले त्रिकोण. एका कोपऱ्यात तिने स्वतः नोंद केली आहे: युद्धाचा काळ, 1863, तुकडे 5,602 आणि खाली नाव. यादवी युद्ध चालू असताना ही बाई तुकडे मोजत होती! क्विल्ट आता बेनिंग्टनच्या संग्रहालयात आहे. कापड उजेडाने विटू नये म्हणून वर्षातून काही आठवडेच बाहेर काढतात. 1996 मध्ये ब्रेंडा पापाडाकिस यांनी या सगळ्या ब्लॉकचे नमुने पुस्तकात काढून दिले आणि जगभर बायका ‘जेन’ करायला बसल्या.

साडेचार इंचांत इतके तुकडे बसवणे जड का जाते, ते जरा जवळून पाहू. शिलाईसाठी पाव इंच कापड सोडायचे, हा नियम. एका ओळीत आठ तुकडे असतील तर जोड सात. टीप प्रत्येक वेळी केसभर आत पडली आणि जोडामागे अर्धे सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग गेला, तर सातव्या जोडापर्यंत ओळ जवळजवळ अर्धा इंच आखूड होते. साडेचार इंचांच्या ब्लॉकमध्ये अर्धा इंच! त्यात त्रिकोण आले की एखादी बाजू उरेब, म्हणजे विणीला तिरकी, कापली जाते आणि उरेब कापड हातात धरले तरी ताणते. इस्त्री फिरवली तर बाक येतो, म्हणून ती वरून नुसती दाबायची. होकायंत्रासारखे टोकदार किरण असलेल्या नमुन्यात तर किरणाचे टोक शिलाईत बुडाले की लांबूनही बोथट दिसते.

यावरचा उपाय जुनाच आहे: पाया. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून कागदाच्या आकारांवर कापड दुमडून, टाचून, मग कडा हाताने जोडत. तिथल्या एका रेशमी पांघरुणावर 1718 साल आहे आणि त्यात हीच पद्धत आहे. त्यासाठी जुनी पत्रे, हिशेबाची पाने वापरली जात. ती काही पांघरुणांत तशीच राहून गेली, म्हणून आज त्यांवरून काळ ठरवता येतो. अमेरिकेत 1860 च्या दशकापासून लोकप्रिय झालेल्या लॉग कॅबिन नमुन्यात पाया कापडाचा असे. मध्ये छोटा चौकोन, त्याभोवती अरुंद पट्ट्या, एका अंगाला फिकट, दुसऱ्या अंगाला गडद. पाया धरून ठेवत असल्याने तिरकी, ताणणारी, कसलीही चिंधी खपून जाई. पण थर जाड होत, सुई नीट जात नसे, त्यामुळे अशी पुष्कळ पांघरुणे धावदोरा न घालता ठिकठिकाणी गाठी मारून बांधली आहेत. म्हणजे त्यांना बीची गरजच पडली नसावी.

1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर रेशीम-मखमलीच्या वेड्यावाकड्या तुकड्यांची ‘क्रेझी क्विल्ट’ आली. ती पांघरण्यासाठी कमी, दिवाणखान्यासाठी जास्त. पुढे वर्तमानपत्रे नमुने छापू लागली. ‘कॅन्सस सिटी स्टार’ने 1928 ते 1961 सतत छापले. 1933 मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्यासाठी सिअर्स कंपनीने स्पर्धा ठेवली, पहिले बक्षीस हजार डॉलर. ऐन मंदीत 24,000 हून अधिक क्विल्ट आल्या. बक्षीस मिळाले केंटकीच्या मार्गारेट केडन यांना. नंतर उघड झाले की त्यांनी स्वतः त्यात टाका घातला नव्हता. शिवणाऱ्या वेगळ्याच होत्या आणि त्यांना मजुरीपलीकडे काही मिळाले नाही. ती क्विल्ट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट गेली.

अलाबामातल्या जीज बेंडमध्ये जुनी वाटणी सगळ्यांत जास्त काळ टिकली. नदीच्या वळणात अडकलेली ही कृष्णवर्णीय वस्ती. तिथल्या बायका वरचा थर एकट्याने, आपल्या मनाने जोडत, आणि थर शिवायला एकत्र बसत. कापड म्हणजे झिजलेली डेनिम, कामाचे कपडे, पोती. म्हणजे गोधडीची खरी बहीण इथे सापडते. मिझूरी पेटवे यांनी 1942 मध्ये नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची क्विल्ट केली. 1962 मध्ये, इथले लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ लागले तेव्हा नदी ओलांडायची नावेची फेरी बंद झाली, ती 2006 मध्ये पुन्हा सुरू झाली. 1966 मध्ये त्याच परगण्यात ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था निघाली. न्यूयॉर्कच्या दुकानांतून मागण्या आल्या, 1972 मध्ये सिअर्सने कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळींचे काम दिले. मात्र गिऱ्हाईक प्रत्येक नग सारखा मागते. मनाप्रमाणे जोडणाऱ्या बायकांना मापात बसवावे लागले. त्यांच्या स्वतःच्या मोकळ्या क्विल्ट 2002 मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या, तेव्हा कौतुक झाले ते नेमके त्या मोकळेपणाचे.

दरम्यान 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या. 1979 मध्ये ओल्फा कंपनीचे फिरत्या पात्याचे कटर आले आणि पट्टीला लावून एकदम अनेक थर कापता येऊ लागले. थर शिवायला मोठी मशीन आली, चौकटीची गरज संपली. राहिले ते तुकडे जोडणे, आणि वाटून घेण्यासारखेही तेवढेच उरले.

पण बारा जणींच्या बारा मशीन, प्रत्येकीचा पाव इंच थोडा वेगळा. म्हणून अवघड नमुना निवडणारी यजमानीण हल्ली कागदावर रेघा छापून तेच पाठवते. रेघेवर टीप मारायची, कापड कागदाच्या मागच्या अंगाला. त्यामुळे नमुना आरशातल्यासारखा उलटा उमटतो आणि पहिल्या ब्लॉकला बहुतेक जणींना उसवावे लागते. कडा कापू नका, कागद काढू नका, अशी सूचना सोबत असते. सगळे ब्लॉक हाती आले की ती एका मापाने कापते, जोडते आणि मगच मागचे कागद फाडते, म्हणजे उरेब कडा तोवर ताणत नाहीत.