गरम चाकाचा उलटा घोट

सुट्ट्या लागल्या की कोकणातल्या कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पर्यटकांची गाडी पुळणीत रुतल्याची बातमी येतेच. मग चहाच्या टपरीवर एखादा जाणकार सांगतो, "फोर बाय फोर हवी होती. भिजली तरी काय, घरी नेऊन गोड्या पाण्याने धुवायची, संपलं."

हे 'संपलं' किती खोटं आहे, ते गेल्या मे महिन्यात मालवणात एका गॅरेजच्या ओट्यावर बसून पाहिलं. जीप शेजाऱ्याची, जुनी, चारही चाकांना ताकद देणारी. कुडाळहून पर्यटक आणायचे आणि लगेच उलटं लावून होडीची ट्रॉली पाण्यात सोडायची, हा तिचा रोजचा धंदा. पुढचं डावं चाक घरघरायला लागलं होतं. वर्षभरात दुसऱ्यांदा, आणि तेच चाक. शेजाऱ्याने राखणदाराला गाऱ्हाणं घालून नारळ दिला होता, बंपरला लिंबू-मिरचीही लटकत होती. मेस्त्रीने हब, म्हणजे चाकाचा मधला फिरता गाभा, उघडून बोटावर पांढरट लिबलिबीत गोळा घेतला नि माझ्यापुढे धरला. "मास्तरांनू, ह्या ग्रीस न्हय, खरवस झालो हा!"

अशा जीपच्या पुढच्या चाकाला वळायचंही असतं आणि गाडी ओढायचीही असते. म्हणून हब ज्या स्पिंडलवर फिरतो ती पुंगळीसारखी पोकळ असते. तिच्या बाहेरून दोन टेपर बेअरिंगांवर, म्हणजे निमुळत्या रुळांच्या कड्यांवर, हब फिरतो, आणि पोकळीतून चाकापर्यंत जातो शाफ्ट, चाक फिरवणारा दांडा. त्या शाफ्टला आधार म्हणून स्पिंडलच्या आतल्या तोंडाशी एक नीडल बेअरिंग, म्हणजे दाभणासारख्या बारीक पोलादी सळ्यांचं कडं. या सगळ्याचे दरवाजे राखायला रबरी सील.

आता शाळेतला वायूचा नियम आठवा. बंद जागेतल्या हवेचा दाब केल्विनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो. वळणावळणांवर ब्रेक दाबत आलेला हब समजा ८० अंशांवर आहे, म्हणजे ३५३ केल्विन. तो ३० अंशांच्या पाण्यात बुडून थंड झाला की ३०३ केल्विन. सील घट्ट राहिलं तर आतला दाब सुमारे १४ टक्क्यांनी उतरतो. हा फरक जवळजवळ १.४ मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा! चाक गुडघाभर पाण्यात असलं तरी सीलला वाटतं आपण पुरुषभर खोल पाण्यात आहोत. ते कुठेतरी हार मानतं आणि हब एक घोट घेतो. किनाऱ्यावरून आल्या आल्या तापल्या चाकावर पाइप सोडला तरी हेच होतं, घोट फक्त गोड्या पाण्याचा असतो. आत गेलेलं मीठ मात्र बाहेरून कितीही धुतलं तरी धुतलं जात नाही.

पण मला खरं वेड लावलं ते सीलच्या ओठाने. रबराचा ओठ शाफ्टला घट्ट चिकटून बसतो आणि म्हणून गळत नाही, अशी आपली समजूत. इ. टी. जॅगर यांनी १९५७ मध्ये दाखवलं की फिरत्या शाफ्टवर ओठ तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगतो. मग गळत का नाही? कारण तो पंप आहे. ओठाच्या दोन्ही उतारांचे कोन मुद्दाम वेगळे ठेवतात, आतल्या बाजूला ४५ अंशांच्या आसपास, बाहेरच्या बाजूला त्याहून बराच कमी. त्यामुळे सगळ्यात जास्त दाब मधोमध न पडता आतल्या कडेजवळ पडतो. शाफ्ट फिरला की रबरावरचे सूक्ष्म उंचवटे ओढले जातात आणि तिरपे होतात, दाबाच्या जागी सर्वांत जास्त. हिराची केरसुणी तिरकी धरून खळं झाडलं तर पाचोळा जसा बाजूला सरकत जातो, तसे हे उंचवटे द्रव दाबाच्या जागेकडे लोटतात. त्या जागेच्या बाहेरचा पट्टा रुंद, म्हणून त्याची सरशी होते आणि निव्वळ प्रवाह बाहेरून आत वाहतो. सील उलटं बसवा, तेच तेल बाहेर फेकायला लागेल.

म्हणजे आतलं तेल परत आत ढकलणारा हा ओठ बाहेर उभं असलेलं पाणीही तितक्याच निष्ठेने आत ढकलतो! म्हणून बाहेरच्या अंगाला आणखी एक धूळ-ओठ, किंवा शाफ्टवर व्ही आकाराची रबरी कडी असते. ती फाटली की राखणच गेली.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ. बेअरिंगच्या पोलादात क्रोमियम दीड टक्का, स्टेनलेसला किमान साडेदहा लागतं. मिठातल्या क्लोराइडला एवढी उणीव पुरते, सळ्यांवर खड्डे पडतात. 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं महागडं ग्रीस इथे फार तर थोडा वेळ मिळवून देतं. (बहुतेक लिथियम ग्रीसला घट्टपणा देणारा साबण एरंडेलापासून बनतो. मग डब्यावर 'स्पेस टेक्नॉलॉजी' कशाला छापायचं?)

मेस्त्रीने नट काढले, पण गंजाने धरलेली स्पिंडल हलेना. लाकडी हातोडीने चोहोबाजूंनी ठोकल्यावर ती सुटली. नीडल बेअरिंग पुलरने ओढून काढलं. नवीन बसवताना अक्षरं कोरलेली बाजू बाहेर ठेवून, कडेवरच दाब येईल असा मापाचा सॉकेट लावून हलके ठोके दिले. सीलच्या ओठाला ग्रीस चोळलं, कारण कोरडा ओठ पहिल्याच फेरीत जळतो.

सील सरकवायच्या आधी मी त्याला थांबवलं आणि शाफ्टवर नख फिरवलं. जिथे ओठ टेकतो तिथेच नख अडकलं. मिठाने आणि वाळूने खाल्लेली खाच, गोल अंगठीसारखी. मागच्या वेळी बेअरिंग नि सील बदललं होतं, शाफ्ट तोच ठेवला होता. नव्या सीलचा ओठ त्याच खाचेवर बसला आणि पाण्याला वाट तशीच राहिली. उजव्या शाफ्टवर खाच नव्हती.

शेजारी बराच वेळ नख फिरवत बसला. मग म्हणाला, "शाफ्ट केवढ्याक येता?"