विहिरीच्या भिंतीत दिसणारे डोंगर

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडे एखाद्या शेतात नव्या विहिरीचं खोदकाम चालू असेल तर काठावरून आतल्या भिंतीकडे नीट बघा. वर हात-दोन हात माती, मग मुरूम, त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. अजून खाली गेलं की मध्येच विटकरी रंगाचा मऊ पट्टा लागतो. त्याच्या खाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, आणि मग पुन्हा काळा पाषाण.

ही भिंत सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं जुनी आहे. तेव्हा इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि लाव्हा बाहेर पडून पसरत गेला, म्हणून आपल्याकडे ज्वालामुखीचा शंकूसारखा डोंगर शोधूनही सापडत नाही. प्रत्येक थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाण्यासोबत आलेली खनिजं साचली, तेच मांजऱ्यातले पांढरे ठिपके. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात थराचा माथा उन्हापावसात झिजला, त्यातलं लोह गंजलं, त्याचा झाला विटकरी पट्टा.

असे थरावर थर चढून सपाट पठार झालं. नद्यांनी ते कोरलं आणि कोरून जे उरलं त्याला आपण बालाघाट आणि अजिंठ्याचे डोंगर म्हणतो. कठीण थर कडा होऊन उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून लांबून हे डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. या खडकाचं 'ट्रॅप' हे नावसुद्धा पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलं. वेरूळचं कैलास लेणं याच खडकात वरून खाली कोरत नेलं आहे. त्या कारागिरांना दगडाची नस किती अचूक कळली होती, हे पाहून मला दरवेळी भरून येतं.

पाटोद्याच्या पठारावर पडणारं पाणीही वाटून जातं. एका अंगाचं मांजरेतून गोदावरीला मिळतं. दुसऱ्या अंगाचं सौताड्याच्या कड्यावरून विंचरणेत उडी घेतं आणि सीना, भीमा करत कृष्णेत जातं.

एवढ्या मोठ्या पठारावर नैसर्गिक सरोवर मात्र जवळजवळ नाही. पैठणचा नाथसागर म्हणजे १९७६ साली उभ्या राहिलेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय. शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार खरं सरोवर आहे, पण याच खडकावर अशनी आदळून झालेलं. आपला तलाव जमिनीखाली आहे, आणि तोही सलग नाही. काळा पाषाण पाणी फारसं धरत नाही, विटकरी पट्टा ते सहज खाली जाऊ देत नाही. पाणी राहतं ते मुरमात, फटींत, मांजऱ्यातल्या मोकळ्या जागांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणूनच एका बांधावरची विहीर मे महिन्यातही पाझरते आणि पलीकडची दिवाळीनंतर तळ दाखवते.

विहिरीत आडवे बोअर मारतात त्यामागे हेच शहाणपण आहे. सांधा आडवा, म्हणून छिद्रही आडवं. उभं बोअर सातशे-आठशे फूट नेताना बराचसा पैसा कोरड्या पाषाणात जातो. शिवाय थरांनाही शेवट आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी खोल छिद्र घेतलं, तेव्हा ३३८ मीटरवर लाव्हाचे थर संपले. त्याखाली थोडा गाळाचा खडक लागला आणि मग अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा पाया. तोच पाया पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे उघडा पडतो. तिथे विहिरीच्या भिंतीत विटकरी पट्टा दिसत नाही.